सुगंधी पोटलीचा वास उडतो, कुबटतो, त्यात किडे पडतात: तपासायला कुठून सुरुवात करायची

लक्षणं आधी. घरी वाळवलेल्या फुलांची, सालींची, मुळ्यांची पोटली कपाटात ठेवली आहे किंवा काचेच्या वाडग्यात दिवाणखान्यात मांडली आहे, आणि यातलं काहीतरी होतंय:

- पहिले चार दिवस घमघमाट, मग वास एकदम गायब.
- कपाट उघडलं की ओला टॉवेल कोंडून ठेवल्यासारखा कुबट वास.
- पाकळ्या मऊ, चिवट, एकमेकींना चिकटलेल्या. पोटली हातात घेतली तर कुरकुरत नाही.
- संत्र्याच्या सालीवर पांढरा कापूस किंवा हिरवट-करडी पूड.
- पोटलीतून भुसा गळतो, कापडाला टाचणीएवढी भोकं आहेत, आणि कपाटात मोहरीएवढे तपकिरी किडे फिरतात.
- साडीच्या घडीवर पिवळट तेलकट डाग.

या तक्रारी माझ्याकडे वर्षातून दोनदा हमखास येतात. एकदा मे महिन्यात, एकदा पोळ्याच्या सुमारास. बारा-तेरा वर्षं मी पोटल्या करते आणि त्याहून जास्त दुसऱ्यांच्या बिघडलेल्या उसवून बघते. "काकू, वासच नाही येऊन राहिला!" असं म्हणत कोणी पोटली पुढे केली की मी आधी विचारते, वरून काय ओतलंस? कारण निम्म्या जणींनी तोवर बाटलीभर अत्तर ओतलेलं असतं. ते सगळ्यात शेवटी करायचं काम. बहुतेक वेळा खोट वासात नसतेच, पाण्यात असते. माल पुरता वाळलेला नसतो, किंवा वाळून पुन्हा ओल धरतो. म्हणून खालचा क्रम मोडू नका. पहिल्या दोन तपासण्यांना एक रुपयाही लागत नाही.

नाक

वास खरंच गेलाय का, हे आधी ठरवा. चोवीस तास त्याच खोलीत राहणाऱ्या माणसाचं नाक सरावतं, त्याला तो वास कळेनासा होतो. स्वतःच्या घराचा वास आपल्याला कधी येतो का? बाहेर अर्धा तास फिरून या आणि दार उघडताच पहिल्या श्वासाला काय येतं ते बघा. नाहीतर शेजारच्या वहिनींना बोलवा, पण कशासाठी ते सांगू नका. सांगितलं की त्यांना वास येणारच.

वास येत असेल तर काही करायचं नाही. पोटली दोन बोटांत चुरगळून परत ठेवा. चुरगळलं की पाकळ्यांच्या आतलं उरलेलं तेल मोकळं होतं.

हात आणि कान

पोटली उसवा, माल ताटात पसरा आणि एकेक जिन्नस वेगळा मोडून बघा. गुलाबाची पाकळी बोटांत चुरली पाहिजे. संत्र्याची साल कट्‌ आवाज करून तुटली पाहिजे. वाकली तर ती ओली आहे, मग वरून कितीही कोरडी दिसो. दवण्या-मरव्याची पानं चुरतात, पण काडी वाकते, हे नेहमीचं. अशा वेळी काडी फेका.

एकेक जिन्नस का तपासायचा? पोटलीत सगळ्यात जाड तुकडा बाकी सगळ्यांचं भवितव्य ठरवतो. नव्याण्णव पाकळ्या खडखडीत आणि एक साल ओलसर असली, तरी बंद कापडात ती साल आपलं पाणी सगळ्यांत वाटून टाकते. आठ दिवसांनी सगळ्याच मऊ.

पापडाची परीक्षा

हातानं कळेना, तर एक पापड खर्च करा. उडदाचा पापड भाजून गार होऊ द्या, त्याचा तुकडा आणि शंकास्पद माल कोरड्या काचेच्या बरणीत ठेवून झाकण घट्ट लावा. माल बरणीच्या निम्म्याहून जास्त असावा. दुसऱ्या बरणीत नुसता पापड. रात्रभर तशाच ठेवा. सकाळी मालाबरोबरचा पापड सादळला आणि एकट्याचा कुरकुरीत राहिला, तर पाणी मालात आहे. दोन्ही सादळले तर बरण्याच ओल्या होत्या, पुन्हा करा. बरणीतला पापड खायचा नाही, हे मला एकदा आमच्याकडे ओरडून सांगावं लागलं होतं.

ओला निघालेला माल फेकायची गरज नाही, जोवर बुरशी दिसत नाही आणि कुबट वास येत नाही. पुन्हा वाळवायचा. कुठे वाळवायचा, हे मात्र आपल्या नागपुरात नाजूक प्रकरण आहे.

कूलर

इथे मी जरा जास्त वेळ घेणार, कारण नागपुरातल्या मे महिन्यातल्या तक्रारींचं मूळ इथेच आहे.

सगळ्यांना वाटतं, एवढा उन्हाळा, बाहेर ४४-४५ अंश, फुलं तर बघता बघता वाळतील. बाहेर वाळतातही. पण आपण राहतो कूलरच्या खोलीत. कूलर थंड करतो तो पाण्याची वाफ हवेत मिसळून. होळीपासून पाऊस पडेपर्यंत, दिवसभर तो टाकीतलं पाणी खोलीत सोडत असतो. मिठाचा डबा उघडा राहिला की मिठाला पाणी सुटतं, वर्तमानपत्र लुळं पडतं, दिवाणाचे ड्रॉवर अडकू लागतात. घराबाहेर वाळवंट आणि घरात श्रावण. त्यात आपण फुलांचं ताट ठेवतो आणि म्हणतो, मे महिन्यात बुरशी काहून आली बाप्पा?

माझ्या धाकट्या जावेनं एकदा गुलाबाच्या पाकळ्यांची चाळणी थेट कूलरसमोर स्टुलावर ठेवली होती, "हवा लागंल म्हणून". हवा लागली. तीन दिवसांत पाकळ्या काळ्या पडून कागदाला चिकटल्या. तीच चाळणी मी स्वयंपाकघरात, जिथे कूलरची हवा पोचत नाही, तिथे जाळीखाली ठेवायला लावली. पुढच्या खेपेला दीड दिवसात पाकळ्या कडक.

तेव्हा तपासणी सोपी आहे: पोटली जिथे वाळली आणि जिथे ठेवली, त्या दोन्ही जागा कूलरच्या वाटेत आहेत का? असतील तर जागा बदला, बाकी काही बदलू नका आणि आठवडा थांबा. काही शे रुपयांचं आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं. हौस असेल तर घ्या. खोलीत ६५ टक्क्यांच्या वर आकडा राहत असेल तर उघडी पोटली तिथे टिकणार नाही.

याच्या उलट चूक म्हणजे ऊन. गच्चीवर टिनावर पसरलेल्या पाकळ्या तासाभरात वाळतात खऱ्या, पण रंग आणि वास दोन्ही सूर्याला वाहून. फुलांतलं सुगंधी तेल उडून जाणारं असतं, उष्णतेनं ते आधी उडतं. २३ मे २०१३ ला सोनेगावच्या वेधशाळेत ४७.९ अंश नोंदले गेले. त्या आठवड्यात मी शहाणपणानं चार ताटं गच्चीवर टाकली होती. संध्याकाळी हातात आला तो गुरांचा कडबा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, तर गच्चीचं नावच काढू नये. सावली हवी, वारा हवा, एकेरी थर हवा, वरून पातळ सुती कापड. जिन्याचा वरचा टप्पा बहुतेक घरांत यासाठी उत्तम असतो. फ्रिजवर आणि पश्चिमेच्या खिडकीतही पोटली ठेवू नका, तिथेही वास असाच उडतो.

पावसाळ्यात काय? वाळवायचं नाही. माल मार्च-एप्रिलमध्येच करून बरणीत बंद करायचा आणि जुलै-ऑगस्टमध्ये पोटली भरायचीच असेल तर थोडी, आठ-पंधरा दिवसांपुरती. साली आणि मुळ्या अगदीच सादळल्या तर ओटीजीत ५०-६० अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून, समोर उभं राहून वाळवता येतात. मायक्रोवेव्हमध्ये मुळीच नाही. सुकी साल त्यात पेट घेते.

आणखी एक. कूलरमधून काढलेला जुना वाळा धुऊन पोटलीत भरणारे लोक आहेत. त्याचा वास हंगामभर पाण्यानं नेलेला असतो, मुळांवर क्षार आणि शेवाळ बसलेलं असतं. वाळा नवा घ्या, तो काही महाग नाही.

फूलच चुकीचं आहे का?

सीताबर्डीच्या फूलबाजारातून मोगरा आणून वाळवणाऱ्यांची दरवर्षी निराशा होते. मोगरा, जुई, निशिगंध, पारिजात यांचा वास जिवंत फुलाचा. फूल वाळलं की तपकिरी चोथा उरतो. त्यात वाळवणाऱ्याचा दोष नाही. झेंडूचा रंग टिकतो, वास नाही. वाडग्यात शोभेला घाला. बुकेतला लांब दांड्याचा गुलाब ताजा असतानाच वास देत नाही, वाळून कुठून देणार? गावठी गुलाबी गुलाब घ्या. बकुळ तर सुकलेलीसुद्धा महिनोन्‌महिने वास देते, ती मिळाली तर सोडू नका. मरवा, दवणा, तुळस, गवती चहा, निलगिरीची पानं, लवंग, दालचिनी, वेलदोड्याची टरफलं हे सगळे भरवशाचे.

बाजारातल्या फुलांवर पाणी मारलेलं असतं. आणल्यावर पाकळ्या सुट्या करून तासभर पंख्याखाली कागदावर ठेवा, मग वाळवायला घ्या. देवावरची फुलं वापरायची असतील तर ज्यांना दूध, पंचामृत, हळद-कुंकू लागलंय ती बाजूला काढा. दुधाचा थेंब लागलेली पाकळी नीट वाळत नाही, नासते.

संत्र्याची साल

नागपुरात राहून पोटलीत संत्रं नाही असं कसं होईल! आणि बुरशी सगळ्यात आधी त्यालाच लागते. दोन कारणं. सालीला आतून चिकटलेल्या पांढऱ्या शिरा पाणी धरतात, आणि सोलताना लागलेला फोडीचा गोड रस मुंग्यांना व बुरशीला आमंत्रण देतो. साल सोलली की आतून ओल्या फडक्यानं पुसा, शिरा सुरीच्या पाठीनं खरवडा, अर्ध्या बोटाएवढ्या पट्ट्या कापा. अख्ख्या सालीचा वाडगा करून वाळवला की तो छान दिसतो आणि आतून ओला राहतो.

हंगामही पाहा. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे येतात, तेव्हा थंडीत साल वाळते पण सावकाश, आठवडा धरा. मृग बहाराची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि तेव्हाची हवा अशी कोरडी की तीन-चार दिवसांत काम होतं. वर्षभराची साल मी तेव्हाच करून ठेवते.

वास धरून ठेवणारं काही घातलंय का?

माल खडखडीत, जागा बरोबर, फूल बरोबर, तरी वास आठ दिवसांत जातो. आता ही तपासणी. नुसत्या पाकळ्यांचा वास हलका, तो उडणारच. त्याला बांधून ठेवायला जड वासाचं, सावकाश सुटणारं काहीतरी लागतं: नागरमोथा, वाळ्याची मुळं, चंदनाचा भुसा, लोबान. आणि दगडफूल. हो, सावजी मसाल्यात पडतं तेच. त्याचा स्वतःचा वास मातकट, पण दुसऱ्याचा वास ते फार छान धरतं.

मोठी वाटीभर सुक्या पाकळ्यांना एक मोठा चमचा भरड कुटलेला नागरमोथा किंवा वाळा, आणि दगडफुलाचे दोन-तीन तुकडे. एवढं माझं प्रमाण. हे एकत्र करून लगेच पोटली शिवायची नाही. बरणीत घट्ट बंद करून अंधाऱ्या कपाटात चार ते सहा आठवडे ठेवायचं, रोज एकदा हलवायचं. लोणचं मुरतं तसं हे मुरतं. पहिल्या आठवड्यात वास कच्चा, तुटक येतो. लवंग वेगळी, संत्रं वेगळं. चौथ्या आठवड्यात ते एक होतं. घाई करणाऱ्यांची पोटली घमघमते आणि संपते.

हे जिन्नस इतवारीत काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात, पण दिवाळीच्या आधी घ्या. उटण्यासाठी तेव्हा नागरमोथा, कापूरकाचरी, गव्हला असा सगळा माल नवा येतो आणि भराभर खपतो. आषाढात मिळतो तो गोणीच्या तळाचा, बहुधा किड्यांसकट.

तेल

आता कुठे बाटली उघडायची. पण तेल पाकळ्यांवर नाही, नागरमोथ्याच्या भरडीवर टाकायचं. वाटीला पाच-सहा थेंब, आणि मग मुरवायचं. पाकळ्यांवर टाकलेलं तेल कापडातून पाझरतं आणि साडीवर उतरतं. वर सांगितलेले डाग ते हेच.

तेल भेसळीचं आहे का, यासाठी पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून दिवसभर ठेवा. लवेंडर, संत्रं, गवती चहा यांचं शुद्ध तेल जवळजवळ पूर्ण उडून जातं. कागदावर पारदर्शक तेलकट वर्तुळ उरलं तर त्यात साधं गोडंतेल मिसळलंय. वाळा आणि चंदनाचं तेल मुळातच दाट, त्यांचा डाग राहतोच. त्यांना ही परीक्षा लावू नका. घरात मांजर असेल तर तेलाचा नादच सोडा, अशी तेलं मांजरांना विषारी ठरू शकतात.

किडे

तपकिरी, गोलसर, मोहरीएवढे, उडणारे. हे फुलांत जन्मत नाहीत, दुकानातून मुळ्यांबरोबर येतात, आणि त्यांना हळद, धणे, तिखटही आवडतं. म्हणून पोटलीत सापडले तर त्याच दिवशी मसाल्याचे डबे तपासा. उलटंही होतं, डब्यातून पोटलीत.

भुसा पडलेला माल फेका. थोडेच किडे असतील आणि माल महागाचा असेल तर हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. त्यामुळे अंडी आणि अळ्याही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, अर्धा दिवस तशीच राहू द्यायची. थंड मालावर दव धरतं आणि मग सुकवण्याची सगळी मेहनत पाण्यात. मी आता नवा नागरमोथा घरी आला की सरळ फ्रीझरमध्येच टाकते, किडे दिसण्याची वाट बघत नाही.

दोनदा असं करूनही किडे परत आले, किंवा लाकडी कपाटालाच भोकं पडून खाली पीठ सांडत असेल, तर हे काम आपलं नाही. कीडनियंत्रणवाल्याला बोलवा. कपड्यांच्या कपाटात स्वतः विषारी फवारा मारत बसू नका.

इथे थांबायचं

बुरशी दिसली की माल गेला. उन्हात टाकून, वरची पूड झटकून तो परत वापरता येत नाही. झटकताना ती पूड आपल्याच छातीत जाते. तोंडाला मास्क लावून, न हलवता, पिशवीत बांधून ओल्या कचऱ्यात. जाळायचंही नाही. ही वेळ नेमकी पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाच्या आसपास येते, तेव्हा नागपुरात रोगराई घेऊन जा म्हणत मारबतीचे पुतळे मिरवत नेतात, म्हणून आमच्या घरी ती पिशवी बाहेर नेताना कोणीतरी ओरडतंच, "घेऊन जाय गे मारबत!" कापड गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवलं तर चालतं.

पोटली उघडल्यावर घरात कोणाला खोकला, छातीत घरघर, डोळ्यांतून पाणी असं होत असेल तर ती नैसर्गिक आहे म्हणून रेटू नका. काढून टाका, आणि घरघर थांबत नसेल तर डॉक्टरांकडे जा. दम्याच्या माणसाच्या खोलीत मी पोटली ठेवतच नाही.

पोटलीत कापूर घातला असेल आणि लहान मुलानं तो किंवा तेल तोंडात टाकलं, तर उलटी करवत बसायचं नाही. बाटली किंवा पुडी बरोबर घेऊन तडक दवाखाना. कापूर थोडाही पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात.

शेवटची गोष्ट भिंतीची. सगळं बरोबर करूनही एकाच कपाटात, एकाच कोपऱ्यात दरवेळी पोटली कुबटत असेल, तर पोटली तुम्हाला भिंतीबद्दल सांगते आहे. कपाट पुढे ओढा, मागच्या भिंतीवर वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि चोवीस तासांनी काढा. पाणी प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला असेल तर खोलीची हवा दमट आहे, कूलर आणि खिडक्या बघा. आतल्या, भिंतीकडच्या बाजूला असेल तर भिंत ओली आहे, आणि ते आपण फुलांनी दुरुस्त करू शकत नाही. प्लंबर बोलवा. त्या भिंतीत वायरिंग असेल, बटणाला हात लावताच मुंग्या येत असतील, तर आधी मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियन, मग प्लंबर.

आमच्या ओळखीच्या एका घरी तीन वर्षं मी पोटल्या बदलून दिल्या. नागरमोथा वाढवला, वाळा बदलला, कापड बदललं. चौथ्या वर्षी प्लास्टिक लावून बघितलं, तर भिंतीकडून थेंब. पलीकडे न्हाणीघर होतं आणि गिझरचा नळ भिंतीच्या आत गळत होता. नळ बदलला, तरी भिंत वाळायला पुढचा एप्रिल उजाडला. तोवर त्यांची पोटली स्टीलच्या डब्यात होती, झाकण लावून.